रिचर्ड टेंपल : आपल्या मुलखाचे एक कारभारी



अमेरिकेत नवा मुलूख हाती आला की वॉशिंग्टनहून त्यावर गव्हर्नर नेमला जाई; तिथल्या रयतेला कोणी विचारीत नसे. 1853 साली आयझॅक स्टीव्हन्स असाच पश्चिम किनाऱ्याकडे गेला. वाटेत रेल्वेची पाहणी केली, आणि पोचल्यावर मूळ रहिवाशांशी करार करून त्यांच्या जमिनी घेतल्या. त्याच साली आपले तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले.

आपल्याकडे आलेल्या गव्हर्नराचा हुद्दा चीफ कमिशनर. 1861 साली मध्यप्रांत बनला, 1862 साली त्याची सूत्रे रिचर्ड टेंपल यांच्या हाती आली. वय अवघे 36. त्याच साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. कचेरी आधी पुलगावजवळ कवठ्याला होती; 1866 साली पालकवाडीच्या जागी आजचे वर्धा वसविले गेले.

माणूस मोठा कामसू. पाद्री हिस्लॉप 1863 साली बुडून वारले, तेव्हा त्यांचे आदिवासींविषयीचे कागद टेंपल यांनी स्वतः संपादून छापविले. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

जमिनीचे मात्र निराळे झाले. भोसल्यांच्या वेळी पाटील गावाचा सारा गोळा करून भरी. नव्या बंदोबस्तात तो मालगुजार, म्हणजे गावाचा मालक झाला. जुन्या कुळांचे काही हक्क राखले, हे खरे. पण मालकी गेली ती गेलीच. मालगुजारी उठायला 1951 साल उजाडले.

1874 साली बिहारच्या दुष्काळात याच टेंपल यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणवून माणसे जगविली, आणि उधळपट्टीबद्दल बोलणी खाल्ली. तो धडा त्यांनी फार चांगला गिरविला! 1877 साली मद्रास आणि मुंबई इलाख्यांत ते दुष्काळाचे खास अधिकारी होऊन गेले आणि मजुराच्या पोटाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असे ठरविले. खडी फोडणाऱ्याला एक पौंड! मजुरीच्या घासाघिशीत माझी उमर गेली. असला हिशेब मांडणारा स्वतः कधी त्यावर जेवलेला मी पाहिला नाही.

मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम टाकले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. संपाचा इतिहास लोक गिरण्यांपासून सांगतात. मी तो या खडीच्या ढिगापासून सांगतो. मद्रासेत डॉ. कॉर्निश यांनी हे अन्न अपुरे असल्याचे सरकारला ठणकावले, आणि तिथे दर वाढवावा लागला.

टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.