कन्नंबाडीची भिंत आणि सुरुंगाचे हादरे

१७७१ साली त्रिंबकराव पेठे यांनी मोती तलावाजवळ हैदरअलीचा पराभव केला, हे मराठी इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. तो तलाव म्हैसूरच्या उत्तरेस, पांडवपूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील बेबी बेट्ट नावाचा डोंगर आपल्या काळात निराळ्याच स्फोटांनी गाजला. तेथील दगडखाणींतील सुरुंगांमुळे कावेरीवरील कृष्णराजसागर धरणास धोका पोचेल, अशी भीती उत्पन्न झाली.

कन्नंबाडी येथील हे धरण १९११ ते १९३२ या काळात उभे राहिले. त्याचा पाया घालणारे विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजचे विद्यार्थी. खडकवासल्याची स्वयंचलित दारे ही त्यांचीच कल्पना. सुमारे ८,६०० फूट लांबीची ही दगडी भिंत चुना व सुरखी यांच्या मिश्रणात बांधली आहे. तिच्यावरच मंड्याची शेती आणि बंगळूर-म्हैसूरचे पाणी अवलंबून आहे.

सुरुंग उडाला म्हणजे सारी शक्ती दगड फोडण्यातच खर्ची पडत नाही; उरलेली लहरींच्या रूपाने खडकातून दूरवर जाते. नैसर्गिक गुहेचे छत असो वा चुन्यातील बांधकाम, दोहोंनाही दाब सोसतो, ताण मात्र फारसा सोसत नाही. एका हादऱ्याने काही दिसत नसले, तरी वारंवारच्या हादऱ्यांनी जुनी चीर रुंदावू शकते. म्हणूनच खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली मर्यादा घालून दिल्या. ऐतिहासिक व नाजूक वास्तूंपाशी, कंपने सेकंदास ८ हून कमी असता, जमिनीच्या कणांचा वेग सेकंदास २ मिलिमीटरांहून अधिक नसावा, असा हा दंडक आहे. एका वेळी उडणारी दारू कमी करणे, स्फोटांत क्षणांशाचे अंतर ठेवणे आणि मुळात दूर राहणे, हे त्याचे उपाय होत.

२०१८ च्या सप्टेंबरात या परिसरात मोठे आवाज झाले. राज्याच्या आपत्ती निरीक्षण केंद्राने त्यांचा संबंध सुरुंगांशी जोडला आणि खाणकाम थांबविण्याची शिफारस केली. पुढे जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने धरणाभोवतीच्या २० किलोमीटरांच्या परिघातील खाणकामास मनाई केली. त्या खंडपीठाचे प्रमुख न्यायमूर्ती प्रसन्न वराळे हे निपाणीचे. त्याच वर्षी धोका अजमावण्यासाठी चाचणी-स्फोट घडविण्याचा बेत झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यास विरोध केला. परीक्षेसाठीदेखील भिंतीस हादरा नको, असे त्यांचे म्हणणे होते.

खाणीवर राबणाऱ्या मजुराच्या पोटाचा प्रश्नही खरा आहे, आणि खडीवाचून आज घरे उठत नाहीत. परंतु खडी दुसऱ्या डोंगरातूनही मिळू शकते. मजुरासही दुसरे काम देता येते. एकवीस वर्षे खपून बांधलेली भिंत मात्र दुसरीकडून आणता येत नाही. मग जी गुहा मनुष्याने बांधलीच नाही, ती एकदा ढासळल्यावर कोण उभारून देणार? इतिहासाचे रक्षण म्हणजे केवळ शिलालेख जपणे नव्हे. ज्या खडकावर तो उभा आहे, त्याची शांतताही जपली पाहिजे.