दिनविशेष : २२ फेब्रुवारी
१९३४ : चादरीआडचा प्रणय पडद्यावर

न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये आजच्या दिवशी फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ झळकला. बापाच्या यॉटवरून समुद्रात उडी टाकून पळालेली लक्षाधीशाची लेक (क्लॉडेट कोल्बेर) आणि नोकरी गमावलेला बातमीदार (क्लार्क गेबल) रात्रीच्या बसमध्ये भेटतात, भांडतात आणि पैशांअभावी एकाच खोलीत मुक्काम करतात. दोघांचं लग्न झालेलं नाही. मग गेबल दोन खाटांच्या मधोमध दोरी बांधून त्यावर पांघरूण टाकतो आणि त्याला बायबलमधल्या जेरिकोच्या तटाचं नाव देतो. बायबलात तो तट तुताऱ्यांच्या नादाने कोसळतो. इथे शेवटी खेळण्यातली पिपाणी वाजते.

पडद्यावरच्या शृंगाराला लगाम घालणारी हॉलिवूडची आचारसंहिता १९३० पासून कागदावर होतीच, पण स्टुडिओ ती सर्रास धाब्यावर बसवत. कॅथलिक संघटनांनी बहिष्काराचं हत्यार उपसल्यावर, या चित्रपटानंतर अवघ्या चार-पाच महिन्यांत, ही संहिता राबवणारे जोसेफ ब्रीन यांच्या हाती कात्री आली. मंजुरीच्या शिक्क्याविना चित्रपट दाखवल्यास २५ हजार डॉलर दंड! शृंगार दाखवायची सोय उरली नाही, तेव्हा लेखकांनी तो नायक-नायिकेच्या धारदार वादावादीत मुरवला. त्यातून बहरलेल्या ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ला या चित्रपटाने आधीच वाट दाखवली होती, आणि तिच्यातल्या तोडीस तोड नायिका आजही ताज्या वाटतात.

१९३५च्या ऑस्कर सोहळ्यात चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा हे पाचही मानाचे पुरस्कार याच चित्रपटाने पटकावले. आपल्याकडचे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) याच कथेवर बेतलेले.