औटघटकेचे राज्य

एखादे सरकार काही दिवसांतच गडगडले, की आपण सहज म्हणतो, ‘औटघटकेचे राज्य!’ पण श्रोतेहो, औट म्हणजे किती?

औट म्हणजे साडेतीन. संस्कृत ‘अर्धचतुर्थ’ प्राकृतातून झिजत मराठीत आला. जुन्या मराठीत माणसाचा देहही ‘औट हात’ असतो. घटका म्हणजे 24 मिनिटे. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे. ते भरून बुडाले की घटका भरली. अशा साडेतीन घटकांची होतात 84 मिनिटे. अर्थात, हे विशेषण वापरताना कोणी घटका मोजत बसत नाही. सत्ता आली आणि टिकली नाही, एवढेच त्यात सांगायचे असते.

आमच्या वसईच्या किल्ल्याने अशा सत्ता जवळून पाहिल्या. 1534 मध्ये आलेले पोर्तुगीज इथे दोनशेहून अधिक वर्षे राहिले. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. डिसेंबर 1780 मध्ये तो इंग्रजांनी घेतला. पण 1782 च्या सालबाईच्या तहाने त्यांना तो परत द्यावा लागला. वसईवरचा त्यांचा हा पहिला अंमल खरोखर औटघटकेचा ठरला.

पुढे 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईला आला. तिकडे पुण्यात अमृतरावांचा मुलगा विनायकराव याला पेशवेपदी बसवण्यात आले. ते पेशवेपद काही महिन्यांचेच ठरले. कारण 31 डिसेंबरला बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला आणि मे 1803 मध्ये त्यांच्या फौजेच्या बळावर तो पुण्याच्या गादीवर परतला.

विनायकरावाच्या पेशवाईला औटघटकेची म्हणायला कोणाची हरकत नसावी. मग बाजीरावाच्या पेशवाईला काय म्हणायचे? ती आणखी पंधरा वर्षे, 1818 पर्यंत चालली. पण तहानुसार इंग्रजांची किमान सहा हजारांची फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची आली, तिच्या खर्चासाठी 26 लाखांचा मुलूख तोडून द्यावा लागला आणि परराज्यांशी बोलणी करण्याआधी इंग्रजांना विचारणे भाग पडले. गादी राहिली, पण तिच्यावरून हुकूम सोडण्याचे स्वातंत्र्य वसईतच संपले होते. म्हणून राज्य औटघटकेचे की टिकाऊ, हे नुसती वर्षे मोजून ठरवू नये; ते कोणाच्या बळावर उभे होते, हेही पाहावे.