तळटीप : बर्डकेज कॉइल

* लेखकाने या कॉइलचा ओझरता उल्लेख केला आहे. डोक्याच्या एमआरआयची प्रतिमा कडेपासून मध्यापर्यंत सारखी उजळ दिसते, याचे बरेचसे श्रेय तिला असल्याने थोडे सविस्तर. दोन वर्तुळाकार कडी, त्यांना जोडणाऱ्या बहुधा 16 दांड्या आणि आत रुग्ण, अशी ही रचना. सेसिल हेज व सहकाऱ्यांनी ती 1985 साली प्रसिद्ध केली. सर्व दांड्यांतून सारखाच प्रवाह सोडला, तर मध्यावरचे क्षेत्र शून्य होते! तो दांडीच्या कोनाच्या साइनप्रमाणे बदलत गेला, तरच आतले क्षेत्र जवळजवळ एकसमान होते. हे काम कपॅसिटर करतात. त्यांची मूल्ये अशी निवडतात, की 1.5 टेस्लाला लागणाऱ्या सुमारे 64 मेगाहर्ट्‌झवर कड्याभोवती लहरीचे नेमके एक आवर्तन बसावे. एखादा कपॅसिटर बिघडला, तरी प्रतिमेत छटा उमटते. 7 टेस्लाला मात्र मेंदूतली तरंगलांबी जेमतेम 12-13 सेंटिमीटर, म्हणजे डोक्याहूनही कमी. तिथे निर्दोष कॉइल असूनही मध्य उजळतो, कडेचे भाग झाकोळतात. म्हणून अनेक स्वतंत्र वाहिन्यांतून प्रवाह देऊन क्षेत्र सावरावे लागते. — संपादक