नवनाथांपासून नागराजापर्यंत : अद्भुत नायकाची कुळकथा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, जेथे गर्भगिरीची डोंगररांग अहिल्यानगर जिल्ह्यातून आष्टी आणि पाटोदा या तालुक्यांत शिरते, त्या खडकाळ आणि पावसाला पारख्या मुलखात नाथसंप्रदायाची दोन अत्यंत पूज्य स्थाने आहेत : सावरगावाजवळची, मायंबा या नावाने ओळखली जाणारी मच्छिंद्रनाथांची समाधी आणि चिंचोलीचा गहिनीनाथगड. श्रावण लागला की या भागात घरोघर नवनाथांच्या पोथीचे पारायण सुरू होते, आणि ऐकायला बसलेल्या मुलांच्या तोंडी वातास्त्र, वज्रास्त्र, कामास्त्र ही नावे जितक्या सहजपणे रुळतात, तितक्याच सहजपणे परदेशी सुपरहिरोंच्या शक्तींची नावेही रुळलेली असतात. वडीलधाऱ्यांना पहिली गोष्ट पुण्यप्रद वाटते आणि दुसरी वेळेचा अपव्यय. या दोन्ही एकाच कुळातल्या आहेत असे माझे पूर्ण विचारांती बनलेले मत आहे, आणि त्या कुळाची हकिकत क्रमाने सांगावी एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

सुपरहिरो या प्रकारच्या नायकाचा जन्म सामान्यतः अमेरिकेत जून १९३८ मध्ये झाला असे मानतात. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन त्या महिन्याच्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्यापूर्वी दोन वर्षे, १९३६ साली, ली फॉक यांचा मुखवटाधारी फँटम वर्तमानपत्रांतून दिसू लागला होता, आणि पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, बॅटमॅन आला. सुपरमॅनच्या त्या पहिल्या कथेत एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली आढळते. पराक्रमाला आरंभ करण्यापूर्वी लेखकाने अवघ्या एका पृष्ठात नायकाचा जन्म सांगून टाकला आहे : नाश पावणारा दूरचा ग्रह, यानात घालून धाडलेले तान्हे मूल आणि त्याच्या अंगी असलेल्या बळाचे कारण. वाचकाने नायकाचे सामर्थ्य मान्य करावे यासाठी त्या सामर्थ्याचा दाखला आधी द्यावा लागतो, हे त्या दोघांना उमगले होते.

हा दाखला देण्याची रीत मालुकवीच्या ‘नवनाथ भक्तिसारा’त, म्हणजे शके १७४१, इसवी सन १८१९ मध्ये पूर्ण झालेल्या चाळीस अध्यायांच्या ग्रंथात, अत्यंत समृद्ध स्वरूपात आढळते. नऊ नाथ हे नवनारायणांचे अवतार, आणि त्यांतल्या एकाचाही जन्म दुसऱ्यासारखा नाही. मच्छिंद्र मत्स्याच्या उदरातून निघाला, जालिंदर यज्ञकुंडातल्या अग्नीतून, कानिफा हत्तीच्या कानातून. गोरक्षाची कथा तर करुण आहे. मच्छिंद्राने दिलेले भस्म शेजारणींच्या सांगण्याने भयभीत झालेल्या सरस्वती नावाच्या स्त्रीने उकिरड्यावर टाकून दिले; बारा वर्षांनी गुरू परत येऊन त्या उकिरड्यापाशी हाक मारतो, तेव्हा आतून बारा वर्षांचा मुलगा ओ देतो. ज्याला जगाने टाकून दिले त्याच्याच ठायी सर्वांत मोठे बळ ठेवावे, ही कल्पना पुढे शंभर वर्षांनी जगभरच्या चित्रकथाकारांनी पुनःपुन्हा वापरली. परंतु उकिरड्यातून आलेल्या त्या ओइतका प्रभावी प्रसंग मला अन्यत्र क्वचितच भेटला आहे.

त्याहूनही सूक्ष्म आहे तो गहिनीनाथाचा जन्म. गुरूने शिकवलेला संजीवनी मंत्र गोरक्ष पाठ करीत बसला असता गावातली पोरे खेळायला येतात. त्यांची चिखलाची गाडी तयार असते, पण गाडीवान करणे जमत नसते. तेव्हा ती गोरक्षाला गळ घालतात. तो पाठ न थांबवता चिखलाचा गोळा हाती घेतो, हात-पाय घडवतो, आणि ओठांवरचा मंत्र बोटांखालच्या मातीत उतरून पुतळा जिवंत होतो. पोरे भूत भूत म्हणत पळत सुटतात. नायक कसा निर्माण करावा याविषयी उपदेश करणारी पुस्तके आता पुष्कळ झाली आहेत. पण एका हाताने घडवलेला आकार आणि मुखाने चाललेला पाठ यांच्या संयोगाने पात्र सजीव होते, हे या प्रसंगात जितके नेमके आले आहे तितके त्यांत नाही. याच गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश दिला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानेश्वरांना, त्यामुळे पाटोदा तालुक्यातल्या त्या गडाचा संबंध थेट ज्ञानेश्वरीशी पोहोचतो.

सामर्थ्याला अटकाव असलाच पाहिजे, हेही पोथीकाराला ठाऊक होते. अष्टभैरवांना आणि साक्षात वेताळाला नमवणारा मच्छिंद्र स्त्रीराज्यात जाऊन मोहात गुंतून पडतो, आणि त्याची सारी अस्त्रे जवळ असून निरुपयोगी होतात. त्याला सोडवायला शिष्याला जावे लागते. गोरक्ष नाटकमंडळात मृदंगी बनून राजसभेत प्रवेश मिळवतो आणि वाद्याच्या बोलांतून गुरूला जागे करतो. सुपरमॅनला निर्बल करणारा क्रिप्टोनाइट हा पदार्थ १९४३ साली, नायकाच्या जन्मानंतर पाच वर्षांनी, आणि तोही चित्रकथेत नव्हे तर नभोवाणीच्या मालिकेत प्रथम योजला गेला. अजिंक्य नायक फार काळ वाचनीय राहत नाही, हा अनुभव तिथल्या लेखकांना उशिरा आला. शिवाय हिरव्या दगडापेक्षा मोह हा अटकाव मला अधिक खोल वाटतो, कारण तो नायकाच्या बाहेर नसून त्याच्या अंतःकरणात असतो.

गुप्त वेषाची कुळकथा मात्र अंबाजोगाईला शोधावी लागते. तिथले संतकवी दासोपंत यांचे वडील दिगंबरपंत हे बिदरच्या बरीदशाहीत नारायणपेठेचे देशपांडे. दुष्काळात सरकारी वसूल थकला, तेव्हा बादशहाने अल्पवयीन दासोपंतांना ओलीस ठेवून घेतले आणि ठरल्या मुदतीत रक्कम न आल्यास त्यांना बाटवण्याचा हुकूम फर्मावला. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा एक साधा चाकर दरबारात हजर होतो, सारी बाकी खजिन्यात भरतो, मुलाची मुक्तता करवून घेतो आणि नाहीसा होतो. तो स्वतः दत्तात्रेय होता, असे परंपरा सांगते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांसाठी विठू महार झालेल्या विठ्ठलाची कथा याच घराण्यातली. अमेरिकन चित्रकथेत सर्वशक्तिमान नायक चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदारी करतो. आमच्याकडे देव गावकामगाराचा वेष घेतो. सत्तेच्या दृष्टीला जो माणूस दिसतच नाही त्याच्याच रूपाने रक्षणकर्त्याने यावे, ही योजना दोन्हींकडे एकच आहे, आणि आमच्या कथेत जातिव्यवस्थेवर मूकपणे ठेवलेले बोट अधिक आहे.

याच दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तविषय एका लांबलचक जाड्याभरड्या पासोडीवर ओव्यांत लिहिला आणि त्यात जागोजाग आकृत्या रेखल्या. अक्षर आणि आकृती एकाच पटावर आणून विषय उलगडत न्यावा, हा विचार सतराव्या शतकाच्या आसपास या जिल्ह्यात झाला होता, याची ती साक्ष आहे. चित्रे दाखवून कथा सांगणारा चित्रकथी तर त्याहून पुष्कळ जुना. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त त्याचा उल्लेख येतो. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा असलेल्या गोदावरीच्या पलीकडे, पैठणला, या चित्रांची एक ठसठशीत शैली नांदली, आणि सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत ती विद्या आजही चालवीत आहेत. शिवाय १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात उर्दू दास्तानांचाही संस्कार होता. अमीर हमजा आणि त्याचा सोंगाड्या सोबती अमर अय्यार यांच्या कथांवर अकबराने सुमारे चौदाशे तसविरी काढवून घेतल्या होत्या, आणि मजकूर तसविरींच्या मागे लिहिलेला असे. हातिमताई मराठीत इतका रुळला की तो मुळात परका होता हे वाचक विसरूनच गेले.

छापखान्याच्या आणि पडद्याच्या काळात या धारा झपाट्याने एकत्र आल्या. १९३२ मध्ये प्रभात कंपनीने ‘माया मच्छिंद्र’ हा बोलपट काढून स्त्रीराज्याचा प्रसंग पडद्यावर आणला. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांच्या रहस्यकथांतून झुंजार आणि काळापहाड यांनी कायद्याच्या कडेने चालत दुर्बलांचा कैवार घेतला. १९५२ पासून मराठी ‘चांदोबा’तून विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघर पोहोचला. तेव्हा मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्सची मालिका फँटमच्या कथांनी सुरू केली आणि पुढे मराठीत त्याचे नाव वेताळ ठेवले गेले, त्या वेळी ते नाव ऐकून कोणाला नवल वाटले नाही. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला रक्षक वेताळ प्रत्येकाने पाहिलेला होता.

या मालिकेच्या संपादकांनी स्थलांतराचे काम मोठ्या दक्षतेने केले. मूळ कथेतला नायकाचा जंगली प्रदेश बंगालची आठवण करून देणाऱ्या नावाचा होता. भारतीय आवृत्तीत त्याचे ‘डेंकाली’ झाले. आणि वेताळाची कुळी तर मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरजच नव्हती. १५३६ साली चाच्यांनी पित्याला मारल्यावर मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून एक तरुण अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो, आणि तेव्हापासून पिता गेला की पुत्र तोच मुखवटा, तीच अंगठी आणि तीच शपथ घेऊन उभा राहतो. एकविसावा पुरुष वावरत असतो, पण अरण्यातल्या लोकांना तो अमरच वाटतो. नारायणगडाची किंवा गहिनीनाथगडाची गादी महंतामागून महंत चालवतो आणि भाविकांच्या लेखी गड एकच राहतो, तशीच ही कवटीच्या गुहेतली गादी आहे. वेताळाला कोणतीही दैवी शक्ती नाही. त्याचे सारे बळ परंपरेचे आहे. म्हणूनच चित्रकथा वाचू लागणाऱ्याला पहिली शिफारस मी वेताळाच्या या वंशकथेची करीन.

इंद्रजालच्या उभारणीत ज्यांचा हात होता त्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू केली. त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांच्या रेषेने साकार झाला. वाईरकरांच्या रेषेतला गोंडसपणा काहींना फार गोड वाटतो. मला तो बाळकृष्णाच्या बाबतीत सर्वस्वी योग्य वाटतो, कारण कालियाच्या फण्यावर नाचणारे मूल मूलच दिसले पाहिजे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर निर्माण केला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला भगवा कुडता आणि जीन्सची विजार चढवली. बहादूर हा पोलिसांच्या गोळीने मेलेल्या डाकूचा मुलगा. ज्या अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला त्यानेच त्याला वाढवलेला. सुडाच्या इच्छेपासून नागरिकांचे संरक्षक दल उभारण्यापर्यंतचा त्याचा प्रवास मला सर्व भारतीय नायकांत सर्वाधिक प्रौढ वाटतो, आणि १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडल्यावर तो विस्मृतीत जावा ही खेदाची गोष्ट आहे.

त्यापूर्वीच, १९८६ मध्ये, दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज आणला होता. कल्पना राजकुमार गुप्ता यांची, लेखन परशुराम शर्मा यांचे, आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. अमर चित्रकथेतल्या पौराणिक देहयष्टीचा सराव असलेल्या मुळीकांच्या हाताने नागराजाला जे भारदस्त अंग दिले, त्यानेच तो टिकला असे मी मानतो. आणि त्याची जन्मकथा पाहावी : दुष्ट प्राध्यापक नागमणी त्याला विषारी शस्त्र म्हणून घडवतो, मस्तकात बसवलेल्या यंत्राने त्याला ताब्यात ठेवतो, आणि त्या दास्यातून त्याला सोडवून सन्मार्गाला लावतो तो बाबा गोरखनाथ. पोथीत मच्छिंद्राला मोहातून सोडवणारा गोरक्ष दिल्लीच्या हिंदी चित्रकथेत पुन्हा सोडवणाराच होऊन आला, आणि त्याचे चित्र पुण्याच्या मराठी चित्रकाराने काढले. त्या गोरक्षाच्या गुरूची समाधी आष्टी तालुक्यात आहे, हे मराठवाड्यातल्या मुलांना कोणी तरी सांगायला हवे.

आज या जिल्ह्यातली मुले वहीच्या पाठच्या पानांवर स्वतःचे नायक काढतात, आणि त्यांचा बहुतेक वेळ झग्याच्या रंगात आणि छातीवरच्या चिन्हात जातो. त्यांनी वेताळाची वंशकथा, बहादूरचा आरंभ आणि नागराजाचा पहिला अंक वाचावा, आणि त्यांच्या शेजारी पोथीतले गोरक्ष व गहिनी यांच्या जन्माचे अध्याय ठेवावेत. मग नायक कोठे टाकून दिला गेला, त्याला कशाने अडवले आणि त्याला कोण सोडवील, हे प्रश्न आपोआप समोर उभे राहतील. या प्रश्नांची उत्तरे त्यांना परमुलखात शोधावी लागणार नाहीत. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास लक्षावधी माणसे ऊसतोडीला घाट उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता त्याच्याकडे बांधलेला असतो, आणि मागे राहिलेले मूल आजीजवळ वाढते. थकल्या वसुलापायी बिदरला ओलीस राहिलेल्या दासोपंतांची आणि या मुलाची स्थिती एकच आहे. माझ्या कल्पनेतल्या चित्रकथेचा नायक तेच मूल असेल, त्याच्या शक्तीला अटकाव त्या उचलीचा असेल, आणि पहिल्या अंकातला खलपुरुष हातात हिशेबाची वही घेऊन येईल.