रुग्ण न लाभलेला नेत्रवैद्य

१/८ ठाण्याचा टेंभी नाका आपण नवरात्र आणि दहीहंडीमुळे ओळखतो. त्याच परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सिव्हिल हॉस्पिटल होते आणि पारशी अग्यारीही आहे. आजची कथा इंग्लंडची, पण तिच्यातही एक डॉक्टर आहे आणि एका मुंबईकर पारशाचा मुलगा.

२/८ आर्थर कॉनन डॉयल यांनी १८८१मध्ये एडिंबरा येथे वैद्यकीय पदवी घेतली. त्यांचे गुरू जोसेफ बेल रुग्ण बोलण्यापूर्वीच त्याचे हात, चाल व पेहराव पाहून व्यवसाय सांगत. याच निरीक्षणातून पुढे शेरलॉक होम्स घडला.

३/८ साउथसी येथे १८८२मध्ये थाटलेला दवाखाना बेताचाच चालला. रिकाम्या वेळी लिहिलेली होम्सची पहिली कादंबरी १८८७मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे हक्क डॉयल यांनी अवघ्या २५ पौंडांना विकले होते.

४/८ १८९१मध्ये ते लंडनला नेत्रतज्ज्ञ म्हणून बसले. त्यांच्याच सांगण्यानुसार तेथे एकही रुग्ण फिरकला नाही. त्याच वर्षी ‘स्ट्रँड’ मासिकातील होम्सकथांनी वाचकांना वेड लावले आणि डॉयल यांनी वैद्यकी सोडली.

५/८ मग ते शिक्षण वाया गेले का? शापुरजी एदलजी हे मूळचे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते ग्रेट वर्ली या इंग्लिश गावी धर्मोपदेशक झाले. १९०३मध्ये त्या भागात रात्री जनावरांवर वार होऊ लागले. संशय त्यांच्या वकील मुलावर, जॉर्ज यांच्यावर आला. शिक्षा झाली ७ वर्षे सक्तमजुरीची.

६/८ ३ वर्षांनी जॉर्ज यांना कारण न देता सोडले, पण कलंक राहिला. जानेवारी १९०७मध्ये डॉयल त्यांना भेटायला हॉटेलात गेले. जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांजवळ, किंचित तिरके धरून वाचत होते. डॉयल यांनी दुरूनच ओळखले, की हा तीव्र दृष्टिदोष आहे. असा माणूस काळोखात शेते आणि रेल्वेमार्ग ओलांडून जनावरावर वार करील कसा?

७/८ डॉयल यांनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये हे प्रकरण मांडले. सरकारने माफी दिली, भरपाई मात्र नाकारली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापणारा कायदा त्याच वर्षी झाला. त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता.

८/८ १९०३चा निकाल तेवढा वाचला, तर जॉर्ज एदलजी गुन्हेगारच ठरतात. म्हणून मित्रहो, जुन्या खटल्याचे कागद हाती आले, की निकालापाशी थांबू नका. आरोपीला ते कृत्य करणे शक्य तरी होते का, हे आधी विचारा.