जुन्या दाखल्यांची साक्ष

देवी काढल्याचा गोल व्रण आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या दंडावर अजून दिसतो. त्याच लशीची ही न्यूयॉर्कमधली हकिगत.

१९४७ च्या मार्चमध्ये मेक्सिकोहून बसने एक प्रवासी त्या शहरात उतरला, तो देवीचा रोग अंगात घेऊनच. एकूण १२ जणांना देवी आल्या, दोघे दगावले. शहर हादरले. एप्रिलात जागोजाग रांगा लागल्या आणि महिन्याभरात साठ लाखांवर माणसांनी दंड पुढे केले! रोग हटला, कागद कपाटात गेले.

पुढे १९८० मध्ये देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. तरी शत्रू हा रोग शस्त्र म्हणून वापरील, या धास्तीने अमेरिकेने २००२ च्या अखेरीस सैनिकांना आणि मागोमाग आरोग्यसेवकांना देवी टोचायला घेतल्या. थोड्याच दिवसांत टोचलेल्यांपैकी तिघे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. लस बाधली की काय? तेव्हा १९४७ चे मृत्यूचे दाखले बाहेर निघाले. त्या मोहिमेनंतर हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले आढळले नाहीत.

पण लस एवढ्याने निर्दोष ठरली नाही. प्रथमच देवी टोचलेल्या २,३०,७३४ सैनिकांत १८ जणांच्या हृदयाच्या स्नायूला व आवरणाला सूज आली होती. आजारी पडून बऱ्या झालेल्याची नोंद मृत्यूच्या दाखल्यात कुठली असायला? आणि गंमत अशी, की पूर्वी कधीतरी देवी काढलेल्या ९५,६२२ सैनिकांत अशी सूज एकालाही आढळली नाही.